दोन औषधं हरली की वाट पाहू नका: लहान मुलांच्या हट्टी मिरगीबद्दल

ताई, तुम्ही लिहिलेलं नीट वाचलं. इतरांनाही धागा लागावा म्हणून आधी ते थोडक्यात मांडतो. तुम्ही झरी जामणी तालुक्यातल्या. मुलगी ५ वर्षांची, वजन १६ किलो. पहिला झटका ७ महिन्यांची असताना आला, लस टोचली त्याच संध्याकाळी, अंग तापलेलं असताना. डावा हात आणि डावा पाय अर्धा तास उडत होता. दोन महिन्यांनी पुन्हा तापात झटका आला, तेव्हा उजवी बाजू. दीड वर्षानंतर ताप नसतानाही झटके येऊ लागले. कधी अंगभर, कधी हातांना नुसता हिसका, कधी क्षणभर टक लावून बसते. चालायला शिकली, शब्द बोलू लागली आणि मग बोलणं तिथेच अडलं. व्हॅल्प्रोएट, फेनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन, लेव्हेटिरासिटाम अशी चार औषधं झाली. तरी आठवड्याला तीन-चार मोठे झटके, उन्हाळ्यात त्याहून जास्त. आता तिला नागपूरला दाखवायला न्यायचं आहे. तुम्ही विचारता की हे लसीमुळे झालं का, परदेशात निघालेली नवी औषधं आणि जीनचे उपचार आपल्यापर्यंत येतील का, ऑपरेशन करतात ते खरं का, आणि सासूबाई म्हणतात तसं मोठी झाल्यावर आपोआप जाईल का.

सासूबाईंच्या बोलण्यात तथ्य आहे, पण ते दुसऱ्या मुलांना लागू पडतं. लहानपणीच्या काही मिरग्या वय वाढलं की खरंच जातात. पहाटे झोपेत तोंड वाकडं होतं, लाळ गळते, मूल शुद्धीवर असतं पण बोलता येत नाही, बाकी शाळेत हुशार. अशी मुलं सोळाव्या वर्षापर्यंत बहुधा मोकळी होतात. त्यांचे झटके एका साध्या औषधानेही आवरतात. तुमच्या मुलीची वाट तशी नाही. पहिल्या वर्षात सुरुवात, लांबलेले झटके, दोन्ही बाजू, वाढ अडलेली आणि चार औषधांना दाद नाही. इथे वाट पाहण्यात फायदा काहीच नाही, नुकसान मात्र रोजचं आहे.

हे मी नुसत्या अनुभवावरून म्हणत नाही. ग्लासगोतल्या क्वान आणि ब्रॉडी या दोन डॉक्टरांनी २००० साली ५२५ रुग्णांचा अभ्यास छापला. त्यात लहान-मोठे सगळे होते. आधी कुठलंच औषध न घेतलेल्यांपैकी ४७ टक्के पहिल्याच औषधावर झटक्यांतून सुटले. दुसऱ्या औषधाने आणखी १३ टक्के. तिसऱ्या एकट्या औषधाने सुटलेले फक्त १ टक्का. यानंतर नवी औषधं बरीच आली, पण पायरी खाली उतरत जाण्याचं चित्र फारसं बदललेलं नाही. म्हणूनच मिरगीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० साली व्याख्या ठरवली: नीट निवडलेली, नीट मात्रेत दिलेली आणि मुलाला सोसलेली दोन औषधं देऊनही झटके थांबत नसतील, तर ती औषधांना न जुमानणारी मिरगी समजायची. त्या दिवसापासून काम बदलतं. पाचवं, सहावं औषध चाखून बघत वर्षं काढण्याऐवजी मूळ कारण शोधायचं आणि आहार, ऑपरेशन, विशिष्ट औषधं यांतलं काय लागू पडतं ते पाहायचं. आपल्या भागात नेमकं हेच राहून जातं. मूल गावातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला, तिथून पुन्हा गावात येतं, बाटल्या बदलतात आणि तीन-चार वर्षं निघून जातात. लहान मेंदूची ती सगळ्यात मोलाची वर्षं असतात.

पण त्या व्याख्येतल्या ‘नीट’ या अटीवर मला थांबायचं आहे, कारण माझ्याकडे हट्टी म्हणून पाठवलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांची मिरगी हट्टी नसतेच. मात्रा पुरेशी नसते. तुमच्या चिठ्ठीतलाच हिशेब बघा. व्हॅल्प्रोएटचं सिरप रोज सकाळी ३ मिली आणि रात्री ३ मिली. साधारण बाटलीत ५ मिलीत २०० मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे दिवसाला २४० मिलिग्रॅम. मुलगी ८ किलोची होती तेव्हा हे किलोमागे ३० मिलिग्रॅम पडत होतं, चांगली मात्रा. आज ती १६ किलोची आहे आणि बाटलीवरचं लेबल तेच आहे. किलोमागे १५ मिलिग्रॅम झालं. औषध हरलं नाही, मूल वाढलं. आता हे वाचून स्वतःच्या हाताने मात्रा दुप्पट करू नका. व्हॅल्प्रोएट यकृतावर ताण देतं, आणि फेनोबार्बिटोनबरोबर दिलं की त्या दुसऱ्या औषधाची रक्तातली पातळी वाढवून मूल गुंगवतं. पण पुढच्या खेपेला डॉक्टरांना आठवणीने सांगा, ‘वजन आता १६ किलो आहे, मात्रा कधीची आहे ते बघा.’

दुसरी गोष्ट चमच्याची. घरातला पोहे खायचा चमचा आणि औषधाचं टोपण यांत चांगलाच फरक पडतो. सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज पाच-दहा रुपयांत मिळते, तिनेच मोजा. आणि बाटलीवर ‘हलवून घ्या’ असं लिहिलं असेल तर खरंच हलवा. फेनिटोइनसारखं औषध तळाशी बसतं. बाटली न हलवता देणाऱ्या घरात महिन्याच्या सुरुवातीला मुलाला झटके येतात आणि महिन्याच्या शेवटी, तळाचं दाट औषध पोटात गेल्यावर, मूल झिंगल्यासारखं चालतं. आईला वाटतं आजार बदलला. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत सकाळची मात्रा चुकते तेही मला ठाऊक आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण डॉक्टरांना खरं सांगा. नाहीतर चुकलेल्या मात्रेचं खापर औषधावर फुटतं आणि आणखी एक बाटली वाढते.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. मुलीला न तपासता निदान करणं बरोबर नाही, मी ते करत नाही. पण पहिल्या वर्षात तापात लांबलेला एका बाजूचा झटका, पुढच्या वेळी दुसरी बाजू, उष्णतेने वाढ, दीड वर्षानंतर हिसक्यांची भर आणि मग अडलेलं बोलणं; एवढं ऐकलं की कुठल्याही बालमेंदूविकार तज्ज्ञाच्या मनात द्रावे सिंड्रोम येतो. शार्लोट द्रावे या फ्रेंच डॉक्टरांनी १९७८ साली या आजाराचं वर्णन केलं. २००१ साली त्याचं मूळ सापडलं: एससीएन-१ए नावाच्या जनुकातला दोष. या आजाराच्या बहुसंख्य मुलांत हाच दोष मिळतो, आणि बहुतेकदा तो आई-वडिलांकडून आलेला नसतो, गर्भ तयार होतानाच नव्याने झालेला असतो. तुमच्या माहेरचं किंवा सासरचं यात काही नाही. तुमच्या खाण्यापिण्याचं नाही, ग्रहणाचं नाही.

या जनुकावरून मेंदूतल्या पेशींची सोडियमची दारं बनतात. हा दोष मुख्यतः आवर घालणाऱ्या पेशींना भोवतो, ज्यांचं काम इतर पेशींना शांत ठेवण्याचं असतं. कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटोइन, लॅमोट्रिजिन ही औषधं सोडियमची दारं आणखी बंद करतात. इतर कित्येक मिरग्यांत ती उत्तम काम करतात. द्रावेमध्ये मात्र आधीच कमजोर असलेल्या आवरणाऱ्या पेशी आणखी थकतात आणि झटके वाढतात. तुमच्या मुलीचं कार्बामाझेपिन सुरू आहे. म्हणून नागपूरला गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: हिला द्रावे असू शकतो का, आणि तसं असेल तर कार्बामाझेपिन चालू ठेवायचं का? तोवर ते घरी अचानक बंद करू नका. मिरगीचं कुठलंही औषध एकदम तोडलं तर झटक्यांची रांग लागू शकते. कमी करायचं ते हळूहळू आणि डॉक्टरांच्या नजरेखाली.

लसीचा सल तुमच्या मनात घर करून बसला आहे, तो मला काढायचा आहे. असे आरोप जगभर झाले, कोर्टापर्यंत गेले. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या बर्कोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १४ रुग्णांचं रक्त तपासलं, ज्यांचा मेंदू लसीने बिघडला असं मानलं जात होतं. १४ पैकी ११ जणांत एससीएन-१ए चा दोष निघाला. म्हणजे आजार जन्मापासूनच होता. लसीने ताप आला आणि तापाने पहिला झटका बाहेर काढला. तो ताप सर्दीचा असता, मलेरियाचा असता, तरी तेच झालं असतं. म्हणून तुमच्या धाकट्या मुलाच्या लसी थांबवू नका. हिच्या राहिलेल्या लसीही डॉक्टरांना विचारून पूर्ण करा, टोचण्याच्या दिवशी तापाचं औषध हाताशी ठेवून. गोवर किंवा डांग्या खोकल्याचा ताप अशा मुलीला लसीच्या तापापेक्षा कितीतरी महागात पडतो.

उष्णतेचं सांगतो, कारण आपल्याकडे मे महिना म्हणजे ४५ अंश. द्रावेच्या मुलांना नुसता ताप नाही, तर कढत पाण्याची आंघोळ, भर उन्हातलं खेळणं, गर्दीच्या लग्नमंडपातला उकाडा एवढंही पुरतं. कोमट नाही, साध्या पाण्याने आंघोळ घाला. दिवाळीचं उटणं लावा, पण बंबातलं कढत पाणी नको. दुपारी ११ ते ४ घरात, ओल्या फडक्याने अंग पुसत राहा, पाणी पाजत राहा. पत्र्याचं घर असेल तर दुपारी शाळेच्या किंवा शेजाऱ्याच्या स्लॅबखाली बसा.

निदान पक्कं करायला काय लागतं? रक्ताची जनुकीय तपासणी. नमुना नागपूरहून प्रयोगशाळेत जातो, अहवालाला काही आठवडे लागतात, खर्च हजारोंत आहे. सरसकट सगळ्या मुलांना मी ती सांगत नाही. पण जिथे निकालावरून औषध बदलणार आहे तिथे पैसे सार्थकी लागतात, आणि तुमच्या मुलीचं तसंच आहे. आजाराच्या सुरुवातीला द्रावेत ईईजी (डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेचा काढलेला आलेख) आणि एमआरआय (मेंदूचा फोटो) दोन्ही चांगले येऊ शकतात. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ म्हणून कुणी तुम्हाला परत पाठवलं असेल तर त्याचा अर्थ आजार नाही असा होत नाही.

आता तुम्ही विचारलेली नवी औषधं. द्रावेचा पाया आजही जुन्याच दोन औषधांवर आहे, योग्य मात्रेतलं व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझाम. क्लोबाझाम जिल्ह्याच्या ठिकाणी सहज मिळतं, महाग नाही, आणि तुमच्या यादीत ते नाहीच. म्हणजे तुमच्याकडे जवळची, हातातली एक पायरी अजून शिल्लक आहे. परदेशाकडे बघण्याआधी ती चढायची.

त्यावर तिसरं म्हणून स्टिरिपेंटॉल येतं. फ्रान्समध्ये २००० साली छापलेल्या छोट्या चाचणीत ते घेणाऱ्या २१ पैकी १५ मुलांचे झटके निम्म्याहून कमी झाले, तुलनेसाठी खोटी, औषध नसलेली गोळी घेणाऱ्या २० पैकी फक्त एकाचे. फेनफ्लुरामिन हे पूर्वी वजन कमी करायला विकलं जायचं. हृदयाच्या झडपा खराब होतात म्हणून १९९७ साली ते बाजारातून काढलं. तेच औषध लहान मात्रेत द्रावेवर जबरदस्त चाललं आणि २०२० साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, हृदयाची सोनोग्राफी नियमाने करण्याच्या अटीवर. ही दोन्ही तालुक्याच्या मेडिकल दुकानात मिळणार नाहीत. मोठ्या केंद्रातला तज्ज्ञच त्यांची वाट काढू शकतो.

गांजाच्या तेलाबद्दल स्पष्ट बोलतो, कारण हे विचारणारे आता गावोगाव भेटतात. ज्यावर संशोधन झालं ते कॅनाबिडिऑल. गांजाच्या झाडातला हा एकच घटक वेगळा काढून शुद्ध केलेला असतो आणि त्याने नशा येत नाही. २०१७ साली द्रावेच्या १२० मुला-तरुणांवर चाचणी झाली. औषध घेणाऱ्यांचे मोठे झटके महिन्याला साधारण १२ वरून ६ वर आले, खोटं औषध घेणाऱ्यांचे १५ वरून १४ वर. उपयोग खरा आहे, चमत्कार नाही. व्हॅल्प्रोएटबरोबर ते यकृताचे आकडे वाढवतं आणि क्लोबाझामबरोबर गुंगी वाढवतं. जत्रेत किंवा ओळखीच्या माणसाकडून मिळणाऱ्या तेलात काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. त्यात नशेचा घटक असला तर वाढत्या मेंदूला तो घातकच आहे. ती बाटली घरात आणू नका.

जीनचे उपचार सुरू आहेत, आणि मला त्यांची मनापासून आशा आहे. एससीएन-१ए च्या दोन प्रती असतात, त्यातली एक बिघडलेली. जोडीतला एक बैल बसला तर दुसऱ्याकडून जास्त ओढून घ्यायचं, तसं चांगल्या प्रतीकडून जास्त प्रथिन बनवून घेणारं झोरेव्हुनर्सेन नावाचं औषध पाठीच्या मणक्यातल्या पाण्यात टोचून देतात. त्याच्या मोठ्या चाचण्या परदेशात चालू आहेत. त्या पूर्ण होईपर्यंत तुम्ही करायचं ते एवढंच की जनुकीय निदान कागदावर पक्कं असावं आणि मधल्या काळात मुलीच्या मेंदूने कमीत कमी झटके सोसावेत. असं औषध उद्या आलं तरी ते मागताना तो कागद लागणारच.

आहाराचा उपचार मात्र परदेशावर अवलंबून नाही, आणि त्यावरचं उत्तम काम आपल्याच देशात झालं आहे. उपाशी राहिल्याने झटके थांबतात हे जुनं निरीक्षण. त्यावरून अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या वाइल्डर यांनी १९२१ साली भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिष्टमय असा कीटोजेनिक आहार सुचवला. शरीर साखरेऐवजी चरबी जाळतं, तिच्यातून कीटोन तयार होतात आणि मेंदू त्यांवर चालतो. लंडनमध्ये २००८ साली १४५ मुलांवर नीट चाचणी झाली. तीन महिन्यांनी आहारावरच्या ३८ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून कमी झाले, नुसत्या औषधांवरच्या ६ टक्क्यांचे. मग दिल्लीच्या एम्समध्ये १०२ मुलांवर याचाच सोपा प्रकार, सुधारित अ‍ॅटकिन्स आहार, तपासला गेला. २०१३ साली निकाल आला: आहारावर ५२ टक्के, आहाराशिवाय साडेअकरा टक्के. २०२० साली एम्समध्येच १७० मुलांत तीन आहारांची तुलना झाली. चोवीस आठवड्यांनी कीटोजेनिकने झटके ६६ टक्क्यांनी, सुधारित अ‍ॅटकिन्सने ४५ टक्क्यांनी आणि कमी ग्लायसेमिक (रक्तातली साखर हळू वाढवणाऱ्या) आहाराने ५४ टक्क्यांनी कमी झाले, आणि शेवटच्यात त्रास सगळ्यात कमी. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो २०१६ चा अभ्यास. कमी शिकलेल्या आई-बापांना जमावा म्हणून सोपा करून दिलेला आहार त्यात तपासला. तिथेही निम्म्याहून जास्त मुलांना चांगला गुण आला. शिकलेल्या, पैसेवाल्या घरांनाच हे झेपतं हा समज त्याने खोडून काढला.

आपल्या चुलीवर हे कसं दिसतं ते सांगतो. सुधारित अ‍ॅटकिन्समध्ये दिवसाला साधारण १० ग्रॅम कर्बोदकं चालतात. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या एका भाकरीत ३० ते ३५ ग्रॅम असतात, म्हणजे एक भाकर तीन दिवसांचा वाटा खाते. भात, पोळी, आलू, गूळ, केळं गेलंच, पण तुरीचं वरणही मोजून-मापून. उरतं काय? अंडी, कोंबडी, मासे, पनीर, लोणी, तूप, साय, तेल, ओलं-सुकं खोबरं. पालक, मेथी, अंबाडी, कोबी, फुलकोबी. आपल्याकडचं जवस इथे फार कामाला येतं, त्यात पचणारी कर्बोदकं नावालाच असतात. माझ्याकडे येणाऱ्या एका आईने जवस भाजून बारीक कुटलं, त्यात अंडं फोडलं, मीठ-जिरं घातलं आणि तव्यावर तेल सोडून थापलं. तिच्या पोराला भाकर तोडून खाल्ल्याचं समाधान मिळालं आणि भाकरीसाठीचं रडणं थांबलं. अंडी न खाणाऱ्या घरात पनीर, खोबरं आणि शेंगदाण्यावर भागवता येतं, पण शेंगदाणे मोजून.

दोन ठिकाणी हा आहार फसतो. एक म्हणजे औषधांची सिरपं. सिरपात साखर असते, दोन-तीन बाटल्यांतून दिवसाचा अर्धा कोटा तिथेच जातो. म्हणून आधी सगळी औषधं गोळ्यांवर आणावी लागतात, गोळी कुटून पाण्यात द्यायची. कुठली गोळी कुटता येते आणि कुठली नाही ते डॉक्टर किंवा औषधवाला सांगेल. दुसरं म्हणजे प्रेमाने दिलेलं बिस्किट. आजी, शेजारी, अंगणवाडीची ताई, सगळ्यांना बसवून समजावावं लागतं. अंगणवाडीच्या खिचडीच्या वेळेला मुलीचा डबा घरून जाऊ द्या.

मात्र हे वाचून उद्यापासून भाकर बंद करू नका. काही जन्मजात दोषांत चरबी जाळताच येत नाही, तिथे हा आहार जिवावर बेततो. आधी रक्त-लघवीच्या तपासण्या, आहारतज्ज्ञाची मदत, वरून कॅल्शियम आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या, मधून लघवीच्या पट्टीने कीटोन बघणं, हे सगळं लागतं. बद्धकोष्ठता, उलट्या, मुतखडा, वाढ मंदावणं असे त्रास होऊ शकतात. घरात सिकलसेल असेल तर ते आवर्जून सांगा. आपल्या भागात ते विचारल्याशिवाय कुठलंच मोठं पाऊल उचलू नये. तीन महिने निष्ठेने करून बघायचं. गुण नसेल तर सोडायचं, असेल तर साधारण दोन वर्षं. द्रावेच्या मुलांना या आहाराचा चांगला उपयोग होतो, म्हणून तुमच्यासाठी मी तो वरच्या फळीत ठेवतो.

ऑपरेशनचं तुम्ही विचारलंत. खरं आहे, आणि खूप उपयोगी आहे, पण ज्यांच्या मेंदूत झटक्याचं एकच ठिकाण सापडतं त्यांच्यासाठी. जन्मतः वेडीवाकडी बनलेली जागा, एखादी गाठ, बाळपणी रक्तपुरवठा थांबून सुकलेला अर्धा मेंदू. दिल्लीच्या एम्सने २०१७ साली औषधांना न जुमानणाऱ्या ११६ मुलांची चाचणी जगापुढे ठेवली. निम्म्यांचं लगेच ऑपरेशन, बाकीचे रांगेत औषधांवर. वर्षभराने ऑपरेशन झालेल्यांपैकी ७७ टक्के झटक्यांतून पूर्ण मुक्त, औषधांवरच्यांपैकी ७ टक्के. ऑपरेशन झालेल्यांपैकी १५ मुलांना एका बाजूला अशक्तपणा आला हेही त्यांनी स्वच्छ लिहिलं. अर्धा मेंदू वेगळा करण्याच्या शस्त्रक्रियेत ते बरेचदा आधीपासून अपेक्षित असतं. तरी मुलांचं वागणं आणि जगणं सुधारलं. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतही नव्वदच्या दशकापासून हे काम चालतं. द्रावे जर ठरला तर तुमच्या मुलीला अशा ऑपरेशनचा उपयोग नाही, आणि तसं निदान पक्कं होणं म्हणजे एक नको असलेलं मोठं ऑपरेशन टळणं. पण वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या मुलाला नेहमी एकाच हातापासून झटका सुरू होतो आणि दोन औषधं हरली आहेत, त्यांनी एमआरआय आणि व्हिडिओ ईईजी करून घ्यायला एक वर्षही दवडू नये.

अजून एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती मुलं सगळ्यात उशिरा पोहोचतात. तीन ते आठ-दहा महिन्यांचं बाळ झोपेतून उठताना मान खाली टाकतं, दोन्ही हात झटकन पसरतं, पुन्हा तेच, पुन्हा तेच, एका मागोमाग एक. घरचे म्हणतात दचकतं, पोटात मुरडा आहे. हे इन्फंटाइल स्पाझम असू शकतं. इंग्लंडच्या वेस्ट नावाच्या डॉक्टरांनी १८४१ साली स्वतःच्या मुलाला बघून याचं वर्णन केलं. स्टेरॉइड किंवा एसीटीएच (ही दोन्ही हार्मोनची औषधं) आणि व्हिगाबाट्रिन ही त्याची औषधं. २०१७ च्या ३७७ बाळांच्या चाचणीत दोन्ही मिळून दिल्यावर ७२ टक्के बाळांची स्पाझम थांबली, नुसत्या हार्मोनने ५७ टक्के. इथे दिवस मोजायचे असतात, महिने नाही. आपल्याकडे याचं एक मोठं कारण म्हणजे जन्मानंतर गुदमरणं आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्तातली साखर उतरणं. साखर उतरल्याने मेंदूचा मागचा भाग कायमचा दुखावतो. तासाभरात अंगावर पाजणं आणि मलूल पडलेल्या बाळाची साखर लगेच तपासणं, यानेच कित्येक हट्टी मिरग्या जन्मालाच येणार नाहीत. आशाताईंनी हे वाचलं तर माझं लिहिणं कामी आलं.

आता तुम्ही करायचं ते. झटका आला की मुलीला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबला नाही तर मिडाझोलामचा नाकातला स्प्रे द्यायचा. ही चिठ्ठी तुमच्याकडे नसेल तर पहिल्यांदा ती मागा, आणि वजनाप्रमाणे किती फवारे ते डॉक्टरांकडून बाटलीवर लिहून घ्या. एक बाटली घरी, एक अंगणवाडीत. उन्हाळ्यात ती माठाजवळच्या थंड कोपऱ्यात ठेवा, पत्र्याखालच्या फळीवर नाही. रात्री मुलगी कुणाच्या तरी शेजारी झोपू द्या. या आजारात झोपेत आलेला झटका न कळणं धोक्याचं असतं, आणि शेजारी झोपलेल्याला वेळेत जाग येण्याचा खरंच उपयोग होतो.

नागपूरला जाताना पांढरकवड्याहून रात्रीच निघाला असाल तर मुलीला प्रवासात कमी झोपू द्या, म्हणजे ईईजीच्या वेळी झोप लागेल. पण आधी तिथे फोन करून विचारा; झोप कमी झाली की झटका येऊ शकतो, म्हणून स्प्रे पिशवीत वरच ठेवा आणि सकाळचं औषध चुकवू नका. आदल्या दिवशी केस धुवा, तेल लावू नका, तारा डोक्याला नीट चिकटत नाहीत. सगळ्या जुन्या चिठ्ठ्या आणि रिकाम्या बाटल्या सोबत घ्या. मोबाइलमध्ये झटक्यांचे व्हिडिओ काढा, हिसक्याचा एक, मोठ्या झटक्याचा एक, टक लावून बसण्याचा एक. चेहरा, हात आणि पाय तिन्ही दिसले पाहिजेत. महिनाभराची दिनदर्शिका भिंतीवरून काढून आणा, तिच्यावर झटक्याच्या तारखांना खुणा करून. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रं आणि रेशन कार्ड ठेवा. आरबीएसकेचं, म्हणजे मुलांची आरोग्य तपासणी करणारं सरकारी पथक अंगणवाडीत येतं तेव्हा मुलीचं नाव नोंदवून जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीची, म्हणजे वाढ अडलेल्या मुलांसाठीच्या केंद्राची चिठ्ठी घ्या. बोलण्यासाठीचा सराव तिथेच सुरू होऊ शकतो, झटके थांबायची वाट न बघता.

तिथल्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: कार्बामाझेपिन काढायचं का, क्लोबाझाम घालायचं का, आणि जनुकीय तपासणी कधी पाठवायची. ते काय म्हणाले, आणि कोणती मात्रा लिहून दिली, ते मला कळवा. आहार सुरू करायचं ठरलं तर जवसाच्या भाकरीचं प्रमाण आणि आठवड्याचा तक्ता मी लिहून पाठवतो.